कॅप्सूलचा भरवसा आणि हाताची तपासणी

निवृत्तीनंतर मी बारामतीच्या घरी राहावयास आलो, त्या वर्षीची ही हकिकत आहे. माझ्या थोरल्या वहिनींना स्नान करताना डाव्या स्तनात वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली. ती दुखत नव्हती, म्हणून घरात त्या कोणाशीही बोलल्या नाहीत. केवळ इंदापूरच्या आपल्या चुलत बहिणीला त्यांनी सांगितले. बहिणीने मायेने सल्ला दिला, “ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल घे, गाठ विरघळते.” वहिनींनी आठ महिने ती हिरवी कॅप्सूल नियमाने घेतली. गाठ विरघळली नाही. ती सुपारीएवढी झाली आणि काखेतही तिची लक्षणे दिसू लागली.

बँकेत नव्वद दिवस हप्ता थकला की आम्ही ते खाते अनुत्पादक ठरवीत असू. माझ्याच घरात आठ महिने थकबाकी साचत होती आणि मला तिचा पत्ता नव्हता. या बोचणीतूनच या विषयाचे वाचन केले. त्याचे सार वाचकांपुढे ठेवतो.

‘ई जीवनसत्त्व’ हा एकच पदार्थ नव्हे. १९२२ साली अमेरिकेत हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांनी उंदरांवरील प्रयोगांतून त्याचा शोध लावला. पुढे कळले की ते आठ संयुगांचे एक कुटुंब आहे. चार टोकोफेरॉल आणि चार टोकोट्रायएनॉल. प्रत्येकात अल्फा, बीटा, गॅमा व डेल्टा असे चार भाऊ. आपले यकृत यांपैकी अल्फा टोकोफेरॉल तेवढे जपून ठेवते. बाकीची संयुगे शरीराबाहेर लवकर टाकली जातात. बाजारातील कॅप्सूलमध्ये बहुधा हेच अल्फा टोकोफेरॉल असते.

आशेचा किरण दिसला तो मात्र इतर भावांकडून. प्रयोगशाळेतील काचपात्रात गॅमा व डेल्टा टोकोट्रायएनॉलने स्तनाच्या कर्करोगपेशींची वाढ रोखली. गॅमा टोकोफेरॉलने समृद्ध मिश्रणाने उंदरांतील गाठी कमी झाल्या. अल्फाने असा प्रभाव दाखविला नाही. म्हणजे वहिनी जी कॅप्सूल घेत होत्या, तिच्या बाजूने प्रयोगशाळेचीही साक्ष नव्हती.

काचपात्रातील यश माणसाच्या शरीरात उतरतेच असे नाही. अमेरिकेत ३९,८७६ स्त्रियांवर सुमारे दहा वर्षे चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या स्त्रियांना एक दिवसाआड ६०० एकक ई जीवनसत्त्व दिले होते. स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच राहिले. मलेशियात २४० रुग्ण स्त्रियांना टॅमॉक्सिफेन या औषधाबरोबर टोकोट्रायएनॉल देऊन पाहिले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जगण्याच्या प्रमाणात निर्णायक फरक सिद्ध झाला नाही. पुरुषांवरील एका मोठ्या अभ्यासात तर रोज ४०० एकक घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला. जमेच्या बाजूला शून्य आणि नावे बाजूला जोखीम, असा हा ताळेबंद आहे.

उपचार चालू असताना तर अधिकच सावध राहावे. केमोथेरपीच्या काळात घेतलेली अशी पूरके औषधाचा परिणाम कमी करू शकतात, अशी शंका तज्ज्ञांना आहे. रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांना मोठ्या मात्रेने रक्तस्रावाचा धोका संभवतो. आणखी एक गोष्ट आपल्या घरांनी लक्षात घ्यावी : मऊ कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते आणि जिलेटिन प्राण्यांची हाडे व कातडे यांपासून बनते.

शरीराला लागणारे ई जीवनसत्त्व, रोजचे जेमतेम १५ मिलिग्रॅम, आपल्या स्वयंपाकघरातच आहे. करडईच्या तेलात अल्फा, शेंगदाण्याच्या तेलात अल्फा व गॅमा दोन्ही, तिळाच्या तेलात मुख्यतः गॅमा. तांदळाच्या कोंड्याच्या तेलात टोकोट्रायएनॉलही असते. हे अन्न म्हणून उत्तमच. औषध म्हणून नव्हे.

मग जीव वाचविते काय? याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात मिळाले आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. निम्म्या स्त्रियांची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, केवळ हाताने केली. यंत्र नाही, सुई नाही. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : तपासणी झालेल्या गटात रोग लवकरच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नास व त्यापुढील वयाच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मृत्यूंमध्ये तसा ठळक फरक आढळला नाही. तरीही कोणत्याही वयात नवी गाठ लागली तर डॉक्टरांना दाखविलीच पाहिजे.

ही सोय आपल्यापासून दूर नाही. शासनाच्या आरोग्य केंद्रांत तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी प्राथमिक तपासणीची योजना आहे. बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इंदापूरकरांना बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयही जवळचे आहे. गाठ, त्वचेला पडलेली खळी, आत ओढले गेलेले किंवा रक्तमिश्रित स्राव येणारे स्तनाग्र, यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, किंबहुना बहुतेक नसतात. पण ते ठरविण्याचा अधिकार तपासणीचा आहे, आपल्या अंदाजाचा नाही.

आपल्या घरांत दुकानाची रोकड रोज रात्री जुळविल्याशिवाय कोणी झोपत नाही. गृहिणीच्या प्रकृतीची चौकशी मात्र ती अंथरुणाला खिळल्यावरच होते. वहिनींवर शस्त्रक्रिया व केमोथेरपी झाली; आज त्या बऱ्या आहेत. गाठ वाटाण्याएवढी असतानाच दाखविली असती तर कदाचित उपचार इतका कठोर झाला नसता, ही खंत त्या स्वतःच बोलून दाखवितात. आता नात्यातील कोणतीही बाई भेटली की त्या आधी विचारतात, “तपासणी करून घेतलीस का?” हा प्रश्न प्रत्येक घरात, संकोच न बाळगता, विचारला जावा.