विश्वासाची धाव : दम हळूहळू वाढतो
लेखमाला : विश्वासाची वाढ – लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण प्रार्थनेतल्या सातत्याचा विचार केला. हे सातत्य अंगी कसे बाणते, ते आज धावपटूंकडून शिकू. सुरतेतल्या वाचकांना त्यासाठी लांब जायला नको. पहाटे डुमसच्या रस्त्यावर धावणारे दिसतात. इथल्या दमट उकाड्याआधी सराव उरकायचा तर अंधारातच घर सोडावे लागते.

पौलाने शर्यतीचा दाखला दिला तो करिंथकरांना. त्यांच्या शहराजवळ दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत. पौल तिथे दीड वर्ष राहिला होता, तंबू तयार करण्याचा धंदा करून पोट भरत होता. त्या खेळांतल्या विजेत्याला पानांचा मुकुट मिळे आणि तो थोड्याच दिवसांत सुकून जाई. करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौलाचे म्हणणे असे, की नाशवंत मुकुटासाठी खेळाडू एवढे संयमन करतो, तर अविनाशी मुकुटासाठी आपण किती करायला हवे! तो जिंकण्याइतकाच भर सरावावर देतो.

दम आणि हाडे

नव्याने धावू लागलेल्या माणसाचा दम काही आठवड्यांत वाढतो. हृदय लवकर जुळवून घेते. हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा मात्र बळकट व्हायला कित्येक महिने घेतात. दम वाढला म्हणून अंतर एकदम वाढवले, की नडगी दुखू लागते आणि माणूस घरी बसतो. म्हणून जाणते प्रशिक्षक सुरुवातीला संथ धावायला लावतात. धावता धावता शेजाऱ्याशी बोलता यावे, इतके संथ. अशा धावण्याने स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते आणि लांबचा पल्ला झेपू लागतो.

विश्वासातही हेच घडते. उज्जीवन सभेत मन पेटते. दुसऱ्या दिवसापासून तासभर प्रार्थना, उपवास, साऱ्या बायबलचे वाचन असे संकल्प होतात. उत्साह खरा असतो, पण क्षमा करण्याची, अपमान गिळण्याची, एकट्याने टिकून राहण्याची ताकद अजून आलेली नसते. पहिला घाव बसला की वाचन थांबते, मग मंडळीत येणेही थांबते. उधना, लिंबायत, पांडेसरा भागांत खानदेशातून आलेली कितीतरी मराठी माणसे आहेत. कापडाच्या कारखान्यात बारा तासांची पाळी करून आलेल्या भावाला तासभराचा नेम सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याने मार्काच्या शुभवर्तमानाचा रोज एक अध्याय वाचावा आणि दहा मिनिटे प्रार्थना करावी. १६ दिवसांत एक शुभवर्तमान पुरे होते. महत्त्व आहे ते सतराव्या दिवशी पुन्हा बसण्याला.

ओझे

इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात धावणाऱ्याला दोन गोष्टी टाकायला सांगितल्या आहेत : पाप आणि भार. दोन्हींचा उल्लेख वेगवेगळा आहे, कारण प्रत्येक भार पाप नसतो. रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहणे, मंडळीतल्या पदासाठीची धडपड, प्रत्येक वादात उत्तर देण्याची हौस यांतले काही उघड वाईट नसेलही. पण धाव त्याने मंदावते. हे वाईट आहे का, एवढाच प्रश्न धावपटू विचारत नाही. हे घेऊन मला धावता येईल का, हेही तो विचारतो.

विसावा

सरावाचा ताण पडलेले स्नायू विश्रांतीच्या काळात सावरतात आणि बळकट होतात. रोज जीव तोडून धावणारा अखेर मागे पडतो. एरिक लिडेल या स्कॉटिश धावपटूला हे विश्वासातून उमगले होते. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती. हे काही महिने आधीच कळल्यावर विसाव्याचा दिवस पाळण्यासाठी त्याने ती शर्यत सोडली आणि ४०० मीटरचा सराव केला. त्या रविवारी त्याने पॅरिसच्या चर्चमध्ये संदेश दिला आणि पुढच्या शुक्रवारी ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. वर्षभरात तो मिशनरी म्हणून चीनला गेला. महायुद्धात जपान्यांनी त्याला छावणीत डांबले आणि तिथेच १९४५ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, तो वारला. त्या छावणीत मुलांमध्ये मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून तोच लिडेल रविवारच्या हॉकीला पंच म्हणून उभा राहिला. शिस्त प्रीतीसाठी असते, हे त्याने जगून दाखवले.

हातातली काठी

लिडेलला चीनला पाठवणाऱ्या लंडन मिशनरी सोसायटीचे सुरतेशीही नाते आहे. तिचे मिशनरी जेम्स स्किनर आणि विल्यम फायवी १८१५ मध्ये इथे आले आणि बायबलच्या गुजराती भाषांतराला लागले. १८२१ मध्ये स्किनर वारले. फायवींनी काम थांबवले नाही आणि १८२३ मध्ये संपूर्ण गुजराती बायबल तयार झाले. पुढे सुरतेची जबाबदारी आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनने उचलली. आपल्या मराठीतही रेव्हरंड टिळकांच्या हातून १९१९ मध्ये अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

एकाचे राहिलेले काम दुसऱ्याने पुढे नेणे म्हणजे रिले शर्यतीतली काठी हाती घेणेच. सुरतेच्या शेजारच्या डांग जिल्ह्यातल्या सरिता गायकवाड २०१८ च्या आशियाई खेळांत सुवर्ण जिंकणाऱ्या रिले संघात होत्या. त्या शर्यतीत प्रत्येकीच्या वाट्याला ४०० मीटरच येतात, पण पदक चौघींचे असते. विश्वासाची शर्यत अशीच आहे. आपल्याला कोणीतरी प्रार्थना शिकवली, म्हणून आपण धावतो आहोत. आपण कोणालाच शिकवले नाही, तर आपल्या टप्प्यावर शर्यत तुटते.

म्हणून वाचकहो, या आठवड्यात एवढेच करा. रोजची एक वेळ ठरवा, एक भार उतरवा, रविवारचा विसावा पाळा आणि मंडळीतल्या एका तरुणाला आपल्यासोबत शास्त्रवाचनाला बसवा. वेग कमी असला तरी चालेल. थांबू नका, आणि एकटे धावू नका.