गिटारच्या कडेची गोलाई
अकूस्टिक गिटारची पुढची-मागची फळी बाजूंना जिथे मिळते, तिथे खाच पाडून लाकडाची किंवा प्लास्टिकची जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची पट्टी चिकटवतात. हेच बाइंडिंग. गोंद वाळला की ती पोलादी पात्याने तासून सपाट करायची, मग 220 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच तिची धार मारायची. हे काम कंटाळून उरकू नये. धारदार कडेवर लॅकरचा थर पातळ बसतो आणि पॉलिशच्या वेळी घासताना तिथेच पट्टी उघडी पडते. शिवाय वाजवणाऱ्याचा हात तासन्‌तास त्या कडेवर टेकलेला असतो. मात्र एका जागी जास्त घासलं, तर पट्टीची रेघ कुठे जाड, कुठे बारीक दिसते. पट्टी रोझवुडची असेल तर तिची गडद भुकटी पुढच्या फळीच्या पांढुरक्या स्प्रूस लाकडामध्ये घासली जाऊ देऊ नये. तो डाग सहज निघत नाही.