भीती खोल पाण्याची, धोका कमरेएवढ्या पाण्याचा
भीतीची उकल : भाग ७

गेल्या आठवड्यात आपण उंचीच्या भीतीबद्दल बोललो. कड्याच्या टोकाशी गेलं की पोटात गोळा येतो, आणि तो योग्य जागीच येतो, कारण धोकाही त्याच टोकावर असतो. समुद्राच्या भीतीचं तसं नाही. चांगलं पोहता येणाऱ्या माणसाला विचारा की समुद्रात उतरायला कशाची भीती वाटते? उत्तरं ठरलेली असतात. ठाव लागत नाही, तळ दिसत नाही, पायाला काहीतरी लागेल, काठ लांब राहील. आणि हीच माणसं कमरेएवढ्या पाण्यात समुद्राकडे पाठ करून बिनघोर फोटो काढत उभी असतात.

आपल्या किनाऱ्यावरच्या दुर्घटना बहुधा याच उथळ पाण्यात सुरू होतात. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. त्यांच्यापैकी कुणी मैलभर पोहायला निघालेलं नव्हतं. मजेत पाण्यात उतरलेली ती मुलं होती. त्या दिवसाबद्दल वाचताना आजही गलबलून येतं, आणि वाटतं की आपण मुलांना समुद्राची भीती तरी दाखवतो नाहीतर समुद्रात खुशाल सोडून तरी देतो. समुद्र शिकवत मात्र नाही.

म्हणून या भागात भीती घालवायची कशी एवढंच पाहायचं नाही. ती चुकीच्या जागी बसली आहे, तिला उठवून योग्य जागी कसं बसवायचं, हे पाहायचं आहे.

सांगलीचा माझा एक मित्र लहानपणापासून कृष्णेत पोहत आला आहे. पाठीला डबा बांधून विहिरीत शिकला आणि दहाव्या वर्षी नदी आरपार करू लागला. अलिबागला आम्ही एकत्र गेलो तेव्हा हा गडी छातीभर पाण्यापर्यंत आला आणि थबकला. श्वास वर लागला, हात आखडले. ‘पाणी जागेवर राहत नाही रे,’ एवढंच म्हणाला आणि मागे फिरला. त्याचं निरीक्षण अचूक होतं. विहिरीचं पाणी स्थिर असतं. नदीचं वाहतं, पण एकाच दिशेने, आणि दोन्ही काठ डोळ्यांसमोर असतात. तलावात तर खोलीचा आकडा कडेला रंगवलेला असतो. समुद्रात पाणी वर-खाली होतं, पुढे येतं, मागे जातं, आणि पायाखालची वाळूही हलते. घोटाभर पाण्यात उभं राहून बघा. लाट परतताना टाचांखालची वाळू आधी निसटते, बोटांखालची थोडी मागाहून, आणि शरीर आपोआप मागे झुकतं. तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला पाय एक सांगतात, डोळे दुसरंच सांगतात. इथे अस्वस्थ वाटणं हा भित्रेपणा नाही.

बऱ्याच जणांना या भीतीची लाजही वाटते. लहानपणी कुणीतरी ढकललं असेल, नाकातोंडात पाणी गेलं असेल, असं मूळ शोधत बसतात. पण मूळ सापडलंच पाहिजे असं काही नाही. पाण्याला घाबरणाऱ्या मुलांचा ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्याहून अधिक पालकांनी सांगितलं की मूल पाण्याशी पहिल्यांदा संबंध आला तेव्हापासूनच घाबरत होतं. तसा वाईट प्रसंग काही घडलेलाच नव्हता. काही भीती आपण घेऊनच येतो. जमिनीवर राहणाऱ्या प्राण्याने अथांग पाण्याला बिचकावं, यात नवल ते काय?

प्राण्यांच्या भीतीवर फार वेळ घालवायला नको. १९७५ साली ‘जॉज’ हा चित्रपट आला आणि जगभरच्या लोकांच्या मनात शार्क जाऊन बसला. ज्या कादंबरीवर तो बेतला होता तिचे लेखक पीटर बेंचली यांनी पुढचं आयुष्य शार्कच्या रक्षणासाठी वेचलं. शार्कच्या हल्ल्यात जगभरात वर्षाला मरणारी माणसं साधारण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. बुडून मरणाऱ्यांचा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ सालचा अंदाज आहे तीन लाखांचा. आपल्याकडे त्रास होतो तो जेलीफिशचा, विशेषतः पावसाळ्यात, आणि वाळूत दडून बसणाऱ्या पाकट माशाचा. पाकटावर पाय पडला तरच तो शेपटीचा काटा मारतो. म्हणून उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूवरून घासत चालावं. चाहूल लागली की तो निघून जातो.

आता खऱ्या धोक्याकडे वळू. लाट म्हणजे पुढे येणारं पाणी, असं आपल्याला वाटतं. खोल समुद्रात पाणी जवळपास जागच्या जागी गोल फिरतं. पुढे सरकते ती ऊर्जा. पाणी उथळ झालं की, म्हणजे खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की, लाटेचा माथा पुढे कलंडतो आणि ती फुटते. फुटल्यानंतर मात्र पाणी खरोखरच किनाऱ्याकडे ढकललं जातं. म्हणजे सगळी धक्काबुक्की चालते ती लाटा फुटण्याच्या पट्ट्यात. त्याच्या पलीकडे पाणी नुसतं वर उचलतं आणि खाली ठेवतं. समुद्रात नियमित पोहणारे हा पट्टा पार करताना येणाऱ्या फुटत्या लाटेखाली बुडी मारतात, ती डोक्यावरून जाऊ देतात आणि मगच वर येतात. नवखा माणूस त्याच लाटेसमोर छाती काढून उभा राहतो आणि आडवा होतो.

किनाऱ्याकडे ढकललं गेलेलं हे पाणी परत जाणार कुठून? पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यात जिथे खाच असते तिथून. जत्रेतली गर्दी एकाच दरवाजाने बाहेर पडावी, तसं सगळं पाणी त्या खाचेतून जोराने समुद्राकडे निघतं. यालाच रिप करंट म्हणतात. त्याचा वेग बहुतेक वेळा सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असतो, पण कधी दोन मीटरच्याही वर जातो. सराव असलेला साधा पोहणारा सेकंदाला जेमतेम मीटरभर पुढे जातो. करंट असा जोरात असला की त्याच्याशी समोरासमोर झुंज दिली तर हार ठरलेली, मग पोहणारा कितीही पट्टीचा असो.

आणि हा करंट दिसतो कसा, ते नीट लक्षात ठेवा, कारण इथेच भीती आपल्याला फसवते. दोन्ही बाजूंना पांढऱ्या फेसाळ लाटा फुटत असतात आणि मध्ये एक पट्टा शांत, थोडा गडद, लाटा नसलेला. त्यावरचा फेस आणि काटक्या बाहेर समुद्राकडे चाललेल्या असतात. लहान मुलांना घेऊन आलेलं कुटुंब लाटांना घाबरतं आणि नेमकी तीच ‘शांत’ जागा निवडतं. पाण्यात उतरण्याआधी थोड्या उंचवट्यावर उभं राहून दहा-पंधरा मिनिटं नुसतं पाणी बघण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी, असं मी कळकळीने सांगेन. वाळूचे दांडे एका जागी राहत नाहीत. पावसाळ्यातल्या मोठ्या लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात, पावसाळ्यानंतर ती हळूहळू परत येते. मागच्या दिवाळीत ज्या जागी सुखाने डुंबलात, ती यंदाही तशीच असेल असं धरून चालू नका.

रिप करंट माणसाला खाली ओढत नाही. बाहेर नेतो, आणि बहुधा लाटा फुटण्याच्या पट्ट्यापलीकडे त्याचा जोर सरतो. माणूस बुडतो तो किनाऱ्याकडे परतण्याच्या धडपडीत दमून. घाबरल्यावर श्वास भराभर आणि वरचेवर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. मान वर काढून काठ बघण्याच्या नादात शरीर उभं होतं आणि पाय खाली जातात. यावरचा उपाय त्या क्षणी मनाला अजिबात पटत नाही: उताणं व्हायचं, कान पाण्यात जाऊ द्यायचे, हात पसरायचे, छाती भरून श्वास घ्यायचा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे ते नदीच्या पाण्यापेक्षा जड असतं आणि शरीराला जास्त उचलून धरतं. ब्रिटनची रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन ही जीवरक्षक संस्था लोकांना पाण्यात पडल्यावर आधी तरंगायलाच शिकवते. श्वास ताळ्यावर आला की हात वर करून मदत मागायची, आणि पोहायचंच तर किनाऱ्याला समांतर, लाटा फुटत असतील त्या दिशेला.

हे वाचून समजतं, पण छातीभर पाण्यात आठवत नाही. त्यासाठी भीतीलाच हळूहळू शिकवावं लागतं. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलावर केलेलं काम प्रसिद्ध केलं. पीटर खाऊ खात असताना त्यांनी पिंजऱ्यातला ससा खोलीत लांब ठेवला आणि दिवसेंदिवस जवळ आणला. शेवटी तो मुलगा सशाला हात लावू लागला. पुढे जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये हीच वाट पायऱ्या पायऱ्यांनी आखून उपचारपद्धती म्हणून मांडली. मात्र अशा सरावाने जुनी भीती पुसली जात नाही. पाव्हलॉव्ह या शास्त्रज्ञाच्या प्रयोगांतल्या कुत्र्यांमध्येही शिकवलेली आणि मग विझलेली प्रतिक्रिया विश्रांतीनंतर पुन्हा डोकं वर काढत असे. जुन्या शिकवणीशेजारी नवी शिकवण बसते, इतकंच. वर्षभराने समुद्रावर गेल्यावर पुन्हा धस्स झालं, तर सगळं वाया गेलं असं समजू नये; दोन पायऱ्या मागे येऊन परत सुरुवात करावी.

पायऱ्या अगदी साध्या असतात. आधी तलावात उताणं तरंगणं, तेही पाय टेकवता येणार नाहीत अशा भागात. मग शांत समुद्रात गुडघाभर पाण्यात बसून लाटा अंगावर घेणं. मग कमरेइतक्या पाण्यात बुडी मारून लाट डोक्यावरून जाऊ देणं. मग जाणत्या सोबत्याबरोबर किनाऱ्याला समांतर थोडं पोहणं. प्रत्येक पायरीवर भीती शिगेला पोहोचल्यावर लगेच बाहेर पळू नये. सुरक्षित जागी थांबून ती ओसरू द्यावी, तेव्हाच शरीर काही शिकतं. आणि कुणी ‘ढकला, आपोआप शिकेल’ म्हणत असेल तर त्याला तिथेच थांबवा. त्या पद्धतीने काही मुलं शिकली हे खरं. पण जी कायमची पाण्यापासून तुटली त्यांची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

मालवणच्या चिवला किनाऱ्यावर दरवर्षी सागरी जलतरण स्पर्धा भरते. लहान मुलांपासून साठी ओलांडलेल्यांपर्यंत अनेक जण तिथे उतरतात, सोबत होड्या असतात, आखलेला मार्ग असतो. भीती असलेल्याने निदान एकदा ती बघायला तरी जावं. पुण्याचे रोहन मोरे २०१८ मध्ये ‘ओशन्स सेव्हन’ या सातही खाड्या-सामुद्रधुन्या पोहून पार करणारे पहिले आशियाई ठरले. त्यांच्याही बरोबर प्रत्येक वेळी सोबतीची बोट होती. समुद्रात एकट्याने पोहण्यात कसलंही शौर्य नाही.

वेळ निवडणं तर आपल्या हातात आहे. जून ते सप्टेंबर पोहण्याचं नाव काढू नये. एरवी भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावरचा जुना हिशेब आजही चालतो: तिथीची पाऊणपट. षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाण्याची ये-जा सर्वांत मोठी. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा ती कमी. नवख्याने भांगाचे दिवस निवडावेत. ओहोटी लागल्यावर, आणि देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तशा खाडीच्या मुखाशी, पाण्यात उतरू नये.

गोव्यात २००८ पासून सरकारने ‘दृष्टी’ संस्थेचे जीवरक्षक नेमले आहेत. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये पोहायचं आणि लाल झेंडा असेल तिथे उतरायचं नाही, हे तिथे समजून सांगितलं जातं. आपल्याकडे महाराष्ट्रात काही किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात, अनेक ठिकाणी नुसती पाटी असते. जीवरक्षक प्रत्येक गजबजलेल्या किनाऱ्यावर असायला हवेत, आणि कोकणात सहल नेणाऱ्या प्रत्येक शाळा-कॉलेजने निघण्याआधी मुलांना अर्धा तास रिप करंटचं चित्र काढून दाखवायला हवं. जिथे जीवरक्षक नाही, तिथे मासेमारीची रापण ओढणाऱ्यांपैकी किंवा होडीवाल्यांपैकी कुणा वडीलधाऱ्याला विचारावं, ‘काका, आज पाणी कसं आहे? कुठे उतरू नको?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ते बोट दाखवून देतात. ती जागा सोडून, त्यांच्या नजरेच्या टप्प्यात, गुडघाभर पाण्यापासून सुरुवात करावी.