टबातला शेतीपंप

महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलातला जकुझी बंद पडला की बहुधा खालच्या गावातल्या मोटार रिवायंडिंगवाल्याला फोन जातो. विहिरीवरच्या मोटारी भरण्यात त्याची हयात गेलेली. गरम पाण्याचा बुडबुड्यांचा टब म्हणजे त्याच्या लेखी श्रीमंतांचे चोचले. पण टबाची बाजूची पट्टी काढून आत डोकावले की सगळा ओळखीचाच संसार दिसतो : पंप, हीटर, फिल्टर आणि पीव्हीसी पाइपांचे जंजाळ.

ही ओळख जुनी आहे. जकुझी हे मूळचे एका इटालियन कुटुंबाचे आडनाव. कॅलिफोर्नियात या कुटुंबातले भाऊ विमानांचे पंखे बनवत. 1921 साली त्यांच्याच विमानाच्या अपघातात एक भाऊ गेला, कुटुंबाने विमानांचा नाद सोडला आणि पुढे शेतीच्या पंपांत जम बसवला. त्या भावांपैकी कँडिडो जकुझी यांच्या लहान मुलाला संधिवाताने गाठले, तेव्हा रुग्णालयातले पाण्याचे उपचार घरीच मिळावेत म्हणून त्यांनी न्हाणीच्या टबात ठेवता येईल असा पंप तयार केला. 1968 मध्ये त्याच कुटुंबातल्या रॉय जकुझी यांनी तो टबाच्या अंगातच बसवला. इकडे सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी 1910 मध्ये वसली आणि नांगरांपाठोपाठ तिथे पंप घडू लागले. तिथल्या कामगाराला ही गोष्ट परकी वाटायचे कारण नाही.

टबातला जेटही विहिरीवरच्या जेट पंपाच्याच तत्त्वावर चालतो. निमुळत्या तोंडातून पाणी जोरात सुटते, तिथला दाब उतरतो आणि नळीतून हवा आपसूक ओढली जाते. त्यामुळे पाणी जोरात येते पण बुडबुडे येत नाहीत, अशी तक्रार असेल तर मोटार खोलण्याआधी हवेची चावी पाहावी. ती बंदच असण्याची शक्यता बरीच असते.

खरी परीक्षा हीटरपाशी होते. 3 किलोवॅटचा हीटर 230 व्होल्टवर सुमारे 13 अँपिअर घेतो, म्हणजे त्याचा रोध साडेसतरा ओहमच्या आसपास हवा. मल्टिमीटरने तेवढा दाखवला की नवशिका म्हणतो, हीटर ठणठणीत आहे. पण चालू केल्याबरोबर आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच, पडतो तो पडतोच. झालेले असते असे, की हीटरच्या कांडीला केसाएवढी चीर जाते आणि आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ओल धरते. मल्टिमीटर जेमतेम काही व्होल्टवर मोजतो. तेवढ्यात विजेची ही गळती सापडेलच असे नाही. मेगर 500 व्होल्ट लावून तार आणि बाहेरची धातूची नळी यांच्यामधला रोध मोजतो. तो एक मेगाओहमच्या खाली आला तर कांडीवर भरवसा ठेवू नये. मात्र मेगर लावण्यापूर्वी वीज तोडायची आणि कंट्रोल कार्डाच्या वायरी सोडवायच्या, नाहीतर हीटर तपासताना कार्डच जळायचे. आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो काढूनच टाकणारे महाभागही असतात. 30 मिलिअँपिअरला पडणारे ते उपकरण पाण्यात बसलेल्या माणसाचा जीव वाचवायला असते, एवढेच त्यांना सांगता येईल.

महाबळेश्वरात पावसाळ्यात 5 हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. बंद पडून राहिलेल्या टबाच्या मोटारीचे वायंडिंग अशा हवेत नुसतेच दमट होते, जळालेले नसते. जुने मिस्त्री मोटार उघडून तिच्याजवळ रात्रभर मोठा बल्ब लावतात आणि सकाळी पुन्हा मेगर धरतात. आकडा वर चढला की रिवायंडिंगचा खर्च वाचला.

सांगलीच्या पूर्व भागात दुखणे वेगळे. तिथे बोअरचे पाणी जड. ड्रीप बुजले की त्यातून अ‍ॅसिड सोडायचे, हे तासगावच्या द्राक्षबागायतदाराला कुणी शिकवावे लागत नाही. टबात हा क्षार आणखी लवकर धरतो. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. कॅल्शियम कार्बोनेटचे नेमके उलटे. त्यात बुडबुडे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडवून लावतात आणि सामू वर सरकतो. कांडीवर पांढरा थर चढला की उष्णता पाण्यात जात नाही, कांडी आतल्या आत भाजते आणि फुटते. पिशवीत सायट्रिक अ‍ॅसिडचा पुडा ठेवावा तो यासाठी. संडास धुण्याचे हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड मात्र नको, त्यातले क्लोराइड स्टेनलेस स्टीलला भोके पाडते. आणि कुठलेही आम्ल क्लोरीनच्या डब्याजवळ नेऊ नये; दोन्ही एकत्र आली तर विषारी वायू सुटतो.

सामू 7.2 ते 7.8 ठेवायचा. फवारणीच्या पाण्याला वापरतात ती पट्टी इथेही चालते. सामू 8 वर गेला की क्लोरीनचा जंतू मारणारा भाग पावपट उरतो आणि कोमट पाण्यात सुडोमोनस, लेजिओनेला यांसारख्या जंतूंचे फावते.

पाणी कमी होत असेल तर टबातच, त्याच्याच पाण्याने भरलेली बादली उघडी ठेवावी. दोन्हींची पातळी सारखीच उतरली तर ती वाफ समजावी. टबाची जास्त उतरली तर पंप बंद करून, पाणी स्थिर झाल्यावर जोडाजवळ खायच्या रंगाचा थेंब सोडावा. रंग ज्या फटीकडे ओढला जाईल तिथे गळती. पंपाखालीच थेंब साठत असतील तर मेकॅनिकल सील गेले. त्यातल्या कार्बन आणि सिरॅमिकच्या घासून गुळगुळीत केलेल्या चकत्या बसवताना तेलकट बोट लावायचे नाही आणि नंतर पंप कोरडा फिरवायचा नाही.

एका तक्रारीला मात्र हत्यारच लागत नाही : ‘पाणी तापतच नाही.’ हजार लिटर पाणी 15 अंशांवरून 38 वर न्यायला 3 किलोवॅटच्या हीटरला जवळजवळ नऊ तास लागतात, तेही उष्णता कुठेही वाया गेली नाही तर. महाबळेश्वरच्या डिसेंबरात टब उघडा ठेवला तर ती टिकणार नाही. अशा वेळी गिऱ्हाइकाला हीटर विकण्यापेक्षा जाड फोमचे झाकण विकावे.