धुराड्याविना उद्योगीकरण



उद्योगीकरण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच धुराडे उभे राहते. परंतु जेथे धुराडे नाही अशा गावाचीही घडी ते बदलून टाकते. रत्नागिरीजवळच्या पावससारख्या गावांचा शंभर-सव्वाशे वर्षांचा अनुभव हेच सांगतो.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत सूतगिरणीचा उपक्रम हाती घेतला व १८५६ मध्ये ती सुरू झाली. पैसा व्यापाऱ्यांचा, यंत्रे इंग्लंडची. माणसे मात्र मोठ्या संख्येने रत्नागिरी जिल्ह्यातून गेली. ती का गेली? येथे पाऊस उदंड, पण तो कातळावरून वाहून जातो. जमिनीचे तुकडे लहान, आणि पिकाचा मोठा वाटा खोताच्या घरी. त्यातच रत्नागिरी बंदरात आगबोट लागू लागली. गरज आणि वाट यांची गाठ पडली की माणूस घर सोडतो.

आता परिणाम पाहू. जॉबर आपल्या गावच्या माणसाला कामावर चिकटवी. त्यामुळे एका गावची माणसे चाळीतल्या एकाच खोलीत दाटीने राहत. यंत्राने जात मोडली असे म्हणतात, ते पुरते खरे नव्हे. साचेखात्यात धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे. म्हणून अधिक मजुरीच्या त्या खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा अन्याय पुढे मांडला.

पण सर्वांत खोल परिणाम झाला तो गावात. लावणी, कापणी, म्हातारे, मुले, सारे बाईच्या अंगावर पडले. या जिल्ह्याच्या शिरगणतीत पुरुषांहून बायका अधिक भरत, त्याचे मोठे कारण हेच. मनिऑर्डरीवर घर चाले असे आपण म्हणतो. हिशेब उलटाही करून पाहावा. कामगाराला लहानाचे मोठे केले गावाने. आजारपणात, संपात, म्हातारपणी सांभाळले गावाने. गिरणीने मजुरी दिली ती फक्त राबत्या वर्षांची. बाकीचा भार भातखाचरांनी आणि बायकांच्या कष्टांनी वाहिला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यांतले कितीतरी जण पुन्हा या खाचरांकडेच परतले.

आज पावसजवळ रनपारला पीव्हीसीचा कारखाना आहे. मुंबईकडे जाणारी कोकण रेल्वेही आहे. म्हणजे धुराडे दाराशी आले. तेव्हा कारखाना किती जणांना काम देतो, एवढेच विचारून भागणार नाही. माणूस घडविण्याचा आणि थकल्यावर त्याला सांभाळण्याचा खर्च कोण उचलतो, हेही आपण विचारले पाहिजे. तो प्रश्न आपल्या आज्यांनी कधी विचारला नाही. त्यांनी तो खर्च मुकाट्याने उचलला.