आकाशातील घड्याळे आणि गुरुत्वीय लहरी

प्रकाशे येथे तापीच्या पात्रात अनेक नावा बांधलेल्या आहेत अशी कल्पना करू. त्यांतील एकच हलली, तर तीत कोणी चढले असेल असे आपण म्हणतो. पण सगळ्याच नावा एका मेळाने डोलू लागल्या, तर लाट दिसली नाही तरी ती गेल्याचे कळते. विश्वात सर्वत्र पसरलेल्या मंद गुरुत्वीय लहरींचा शोध याच न्यायाने चालला आहे.

येथे नावांच्या जागी पल्सार तारे आहेत. हे अतिघन तारे स्वतःभोवती फिरत असता त्यांचे रेडिओस्पंद दीपगृहाच्या झोताप्रमाणे आपल्याकडे येतात. पहिला पल्सार १९६७ साली जोसेलिन बेल यांना आढळला. काही पल्सार सेकंदाला शेकडो फेरे घेतात, आणि तेही घड्याळाच्या नियमितपणाने. गुरुत्वीय लहर आली की अवकाश किंचित ताणले जाते आणि स्पंद सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या भागाने मागेपुढे होतो.

आता कोणी म्हणेल, चूक आपल्याच घड्याळाची कशावरून नाही? शंका रास्त आहे. परंतु घड्याळ चुकले तर सर्व पल्सार सारखेच चुकलेले दिसतील. लहरीची खूण निराळी : जवळच्या दिशांतील पल्सारांचे फरक जुळतात, काटकोनातल्यांचे किंचित उलट पडतात. हे गणित हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी १९८३ मध्ये मांडले.

या कामात महाराष्ट्राचाही वाटा आहे. नारायणगावजवळ खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली. वाटेतील इलेक्ट्रॉनांमुळे कमी कंप्रतेचे स्पंद अधिक रेंगाळतात. ही दुर्बीण नेमक्या त्याच कंप्रता ऐकत असल्याने तो विलंब मोजून वजा करता येतो.

२९ जून २०२३ रोजी भारतीय व युरोपीय गटांनी मिळून २५ पल्सारांच्या नोंदींवरून अशा लहरींचा पुरावा प्रसिद्ध केला. अमेरिका, ऑस्ट्रेलिया व चीन येथील गटांचे निष्कर्षही त्याच सुमारास आले. प्रचंड कृष्णविवरांच्या जोड्या हे या लहरींचे संभाव्य उगमस्थान होय. मात्र ‘शोध लागला’ असे कोणी म्हटले नाही. ‘पुरावा मिळाला’ एवढेच म्हटले. यातील एकेक लहर पुरी व्हायला वर्षे लागतात. तिची वाट पाहणाऱ्याने शब्दही तितक्याच सबुरीने उच्चारावा, हे आम्हांस या संशोधनाइतकेच मोलाचे वाटते.