तारप्याला प्राध्यापकाची खुर्ची मिळेल काय?

आपल्या मध्यमवर्गीय घरांत गाण्याविषयी दोन मते एकाच वेळी गुण्यागोविंदाने नांदत असतात. कन्या संध्याकाळी तानपुरा जुळवून बसली, की आईवडिलांचा ऊर अभिमानाने भरून येतो. तीच कन्या बारावीनंतर "मी आता संगीतातच पदवी घेणार" असे म्हणाली, की त्याच आईवडिलांच्या पोटात गोळा उठतो! "गाणे चांगलेच आहे ग, पण पुढे काय?" हा प्रश्न मग जेवणाच्या पानावर विचारला जातो आणि आल्यागेल्या पाहुण्यांसमोरही.

या प्रश्नाचे एक सरळ उत्तर आहे. पुढे महाविद्यालयात किंवा विद्यापीठात संगीत शिकविता येते. सहायक प्राध्यापकाच्या पदाला सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणीत सुरुवातीचे मूळ वेतन दरमहा ५७,७०० रुपये आहे, भत्ते निराळे. तेव्हा गाण्यावर घर चालत नाही, हे काही खरे नाही. मात्र ती खुर्ची कोणाला मिळते, कशी मिळते आणि कोणाच्या हाताला ती लागत नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे.

हा प्रश्न केवळ दादरचा किंवा पुण्याच्या पेठांचा आहे, असेही समजू नका. पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टीत साखरशेत नावाचे गाव आहे. भात, नागली आणि वरई पिकविणारा हा मुलूख. येथे घरोघर तानपुरा दिसणार नाही, पण तारपा आहे. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण आणि ताडाच्या पानांचा कर्णा एवढ्या सामग्रीतून हे वाद्य सिद्ध होते. वादक श्वास न तोडता ते फुंकीत राहतो, आणि त्याच्याभोवती हातात हात गुंफलेल्या नाचणाऱ्यांची साखळी फिरत राहते. वारली चित्रांतले ते प्रसिद्ध वेटोळे आपण दिवाणखान्यात चौकट करून लावतो. त्या वेटोळ्याच्या मध्यभागी उभा असतो तो हाच तारपावादक.

आता समजा, साखरशेतच्या एखाद्या मुलाने मनात आणले, की आपण विद्यापीठात संगीताचे प्राध्यापक व्हावे. दादरच्या कन्येची वाट आणि त्या मुलाची वाट, अशा दोन्ही वाटा आज आपण चालून पाहू.

गाणे विद्यापीठात आले कसे?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गाणे शिकायचे म्हणजे उस्तादाच्या घरी राहावे, पाणी भरावे आणि त्याची मर्जी लागेल तेव्हा चार स्वर पदरात पाडून घ्यावेत, अशी रीत होती. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गाण्याची शाळा असू शकते, हे लोकांना दाखविले. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे तर व्यवसायाने वकील. त्यांनी गावोगाव हिंडून उस्तादांकडून चिजा मिळविल्या, त्या स्वरलिपीत उतरविल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'तून छापल्या. १९१६ साली बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली, ती त्यांच्याच खटपटीने. १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज निघाले, त्यामागेही तेच होते.

पुढची पायरी विद्यापीठांची. बनारस हिंदू विश्वविद्यालयात १९५० साली संगीताचे महाविद्यालय सुरू झाले, त्याची धुरा पंडित ओंकारनाथ ठाकुरांनी वाहिली. १९५६ साली खैरागढच्या राजाराणीने आपल्या दिवंगत कन्येच्या नावाने संगीत व कला यांचे विद्यापीठ उभारण्यासाठी राजवाडाच देऊन टाकला. भातखंड्यांचे शिष्य आणि मुंबईचे पदवीधर पंडित श्रीकृष्ण रातंजनकर त्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक होते डॉ. अशोक रानडे, त्यांनी १९६८ पासून ते काम पाहिले. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या संगीत विभागाचे प्रमुखपद डॉ. प्रभा अत्रे यांनी भूषविले. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ साली स्थापन झाले.

ही नावे वाचताना एक गोष्ट ध्यानात येईल. ही मंडळी नुसती गाणारी नव्हती. रातंजनकरांनी भातखंड्यांची शिस्त आणि उस्ताद फैयाज खाँसाहेबांची तालीम या दोन्ही घेतल्या आणि पदवीही मिळविली. प्रभाताई विज्ञान व कायदा या दोन्ही शाखांच्या पदवीधर. किराणा घराण्याची गायकी आत्मसात करून त्यांनी सरगम या विषयावर डॉक्टरेट मिळविली. रानडे गात असत आणि लिहीतही असत. 'लोकसंगीतशास्त्र' हा त्यांचा ग्रंथ मराठीत आहे. विद्यापीठातल्या खुर्चीला दोन शिड्या लावाव्या लागतात, एक गुरूच्या घरची आणि दुसरी कागदाची. एकाच शिडीने वर गेलेला मनुष्य बहुधा दारातच अडकतो.

नियम काय म्हणतो?

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम सहायक प्राध्यापकाच्या पदासाठी संगीतात दोन दरवाजे ठेवतात.

पहिला दरवाजा सर्वांच्या ओळखीचा. संगीताची पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी मिळवावी आणि नेट किंवा राज्याची सेट ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे. अनुसूचित जाती-जमाती आणि इतर काही वर्गांना गुणांत ५ टक्क्यांची सवलत आहे. नेटमध्ये दोन प्रश्नपत्रिका असतात. पहिली १०० गुणांची, अध्यापन-संशोधनाच्या सामान्य कुवतीची. दुसरी २०० गुणांची, विषयाची. वेळ तीन तास. तेथे मालकंस कसा गाता हे कोणी विचारीत नाही. मालकंसाविषयी काय जाणता, हे विचारतात. उत्तम गाणारी मुले येथे घसरतात, त्याचे कारण हेच.

दुसरा दरवाजा कलावंतांसाठी. परंपरेने किंवा व्यवसायाने कलावंत असलेल्या, उल्लेखनीय कर्तृत्वाच्या व्यक्तीला नेटवाचून पद मिळू शकते. पण अटी पाहा. नामवंत गुरूकडे शिक्षण झालेले असावे, आकाशवाणी वा दूरदर्शनची 'ए' श्रेणी असावी, विषय तर्कशुद्ध रीतीने समजावून सांगता यावा आणि शिवाय हाती पदवी असावी.

येथे पालकांना एक सूचना. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची 'विशारद' ही परीक्षा मोलाची आहे, तिची तयारी मुलांना घडविते. पण १९५६ च्या आयोगाच्या कायद्याप्रमाणे पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांचा आहे. 'विशारद झाली, आता प्राध्यापक होईल' अशा भरवशावर राहू नये. विशारद खुशाल करावे, पण त्याच्या जोडीला विद्यापीठाची पदवी घ्यावीच.

साखरशेतच्या मुलाने काय करावे?

आता ते दोन दरवाजे साखरशेतच्या मुलाच्या नजरेने पाहा. पहिल्या दरवाजाने जायचे, तर संगीताची एम. ए. हवी. बहुतेक संगीत विभागांत शिकवितात ते रागसंगीत. मुलगा वाढला तारप्याच्या फेऱ्यात. दुसऱ्या दरवाजाने जायचे, तर आकाशवाणीची 'ए' श्रेणी हवी. ही अट ख्याल-ठुमरीचा कलावंत डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली दिसते. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे ज्येष्ठ तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. साऱ्या देशाने त्या वाद्याला मान दिला. पण सहायक प्राध्यापकाच्या वरील अटींत पद्म किताबाचा उल्लेख नाही! राष्ट्र ज्याला नमस्कार करते, त्याला वर्गाच्या दारात कागद विचारला जातो.

म्हणून त्या मुलाने निराश व्हावे काय? मुळीच नाही. जव्हारला मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय आहे; मराठी किंवा इतिहास घेऊन कला शाखेची पदवी तेथे घेता येईल. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे, खैरागढला लोकसंगीताचा स्वतंत्र विभाग आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी अशा ठिकाणांची चौकशी करावी, आणि प्रवेशापूर्वी एक प्रश्न हमखास विचारावा, "ही पदवी नेटच्या कोणत्या विषयात चालते?" रागसंगीताचाही अभ्यास त्याने टाळू नये. दुसऱ्याची भाषा आल्याने आपली भाषा विसरत नाही. उलट तारप्याच्या स्वरांत काय निराळे आहे, ते नेमके सांगता येते.

याखेरीज एक काम त्याने पहिल्या वर्षापासूनच करावे. गावातल्या जाणत्या वादकांजवळ बसून प्रत्येक चाल ध्वनिमुद्रित करावी, ती कोणत्या प्रसंगी वाजते आणि तिच्यावर पावले कशी पडतात ते वहीत टिपावे. घांगळीवर कणसरीची कथा सांगणारे भगत आणि लग्नविधीतली गाणी मुखोद्गत असलेल्या धवलेरी यांच्याकडेही जावे. ज्यांच्याकडून घेतले, त्यांची नावे त्यांच्या संमतीने नोंदवावीत. उद्या पीएच. डी.चा विषय शोधायला त्याला दूर जावे लागणार नाही. भातखंड्यांनी रागांसाठी जे केले, ते तारप्यासाठी करणारा मनुष्य तारप्याच्याच अंगणातून आला, तर याहून चांगले काय?

वयाचा हिशेब

आता थोडे गणित मांडू. सोळाव्या वर्षी शालान्त परीक्षा, अठराव्या वर्षी बारावी, एकविसाव्या किंवा बाविसाव्या वर्षी पदवी, चोविसाव्याच्या आत एम. ए. नंतर नेट. पीएच. डी.ला आयोगाच्या नियमाने कमीत कमी तीन आणि सामान्यतः जास्तीत जास्त सहा वर्षे. सगळे सुरळीत झाले, तरी वयाची तिशी जवळ येते. मग जाहिरात निघायची, त्यात आपल्या प्रवर्गाची जागा असायची, मुलाखत व्हायची. मधल्या काळात बहुतेकांच्या वाट्याला तासिका तत्त्वावरचे काम येते. शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे, आणि सुट्टीत काहीच नाही. शहरातल्या घरात हा काळ वडिलांच्या पगारावर निभतो. जव्हार-मोखाड्यात दिवाळी झाली, की कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीसाठी वसई-भिवंडीकडे उतरतात. तेथल्या मुलाला ही वर्षे कोणी आणि कशावर काढू द्यायची?

आणि दुसरे गणित याहून कठीण आहे. मुलगा तिशीला पोहोचेपर्यंत आज ऐंशीच्या घरात असलेले वादक कोठे असतील? नवे भात आले, की तारपा बाहेर निघतो. त्याच सुमाराला तरुण मंडळी गाव सोडून कामाला जातात. शिकविणारा घरी आणि शिकणारा भट्टीवर, अशी ही ताटातूट आहे. मुलाच्या हाती कागद येईल, तेव्हा त्याला काही शिकविणारे कोणी उरले नसेल, तर त्या कागदाचे करायचे काय?

तोवर गुरूला बोलवा

यावर तोड आहे, आणि ती कागदावर आलेलीही आहे. आयोगाने २०२२ साली प्रत्यक्ष व्यवसायातल्या जाणकारांना, औपचारिक पदवीची सक्ती न करता, मर्यादित मुदतीसाठी प्राध्यापक म्हणून घेण्याची मुभा दिली. २०२३ साली स्थानिक कलावंत व कारागीर यांना 'निवासी कलावंत' म्हणून संस्थांत बोलावण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. अमेरिकेत हा प्रयोग जुना आहे. तेथल्या वेस्लियन विद्यापीठाने १९६३ साली मृदंगवादक टी. रंगनाथन यांना निवासी कलावंत म्हणून बोलाविले. त्यांचे बंधू, बासरीवादक टी. विश्वनाथन यांनी पुढे त्याच विद्यापीठात डॉक्टरेट मिळविली आणि तेथेच अध्यापन केले. एकाच घरातल्या दोघा भावांनी दोन वेगवेगळ्या दरवाजांनी आत जाऊन दाखविले!

आपल्या विद्यापीठांनीही असेच करावे. जव्हारच्या एखाद्या वृद्ध वादकाला वर्षातून काही आठवडे मानधन, प्रवासखर्च आणि राहण्याची सोय देऊन सन्मानाने बोलवावे. उत्सवात दहा मिनिटे नाचवून, शाल-श्रीफळ देऊन परत पाठविणे म्हणजे शिक्षण नव्हे. त्यांच्यापुढे विद्यार्थी बसवावेत, त्यांचे वादन नोंदवून ठेवावे. आणि साखरशेतसारख्या गावच्या मुलाला त्या कामात मदतनीस म्हणून विद्यावेतन द्यावे, म्हणजे त्याची वर्षेही निभतील आणि गुरूची विद्याही हाती लागेल.

वाचकहो, तुमच्या घरात गाणारी कन्या असेल, तर तिचे मन मोडू नका. तिच्या हातात दोन्ही शिड्या द्या. रोजचा रियाज आणि विद्यापीठाची पदवी यांत आधी काय व नंतर काय, असा वाद घालू नका. दोन्ही बरोबरच चालू द्या. आणि तुमच्यापैकी कोणी एखाद्या महाविद्यालयाच्या व्यवस्थापनात असतील, विद्यापीठाच्या अभ्यासमंडळावर असतील, तर यंदाच्या बैठकीत एक ठराव अवश्य मांडा. भाताची कापणी उरकली आहे, डोंगरपट्टीत तारपे वाजू लागले आहेत. वादकाला बोलावण्याचे पत्र या हंगामातच गेले पाहिजे.